कुटुंबासाठी कॅम्पर-ट्रेलर निवडताना: आधी गाडी, मग गादी, मग बाकी सगळं

कॅम्पर-ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं, झोपायची सोय असलेलं चाकांवरचं छोटं घर. बहुतेक घरांत त्याची खरेदी एकाच क्रमाने होते. विक्रेत्याकडे जायचं, मुलं वरच्या बंकवर चढून बसतात, मोठी माणसं ओटा आणि फ्रिज बघून खूश होतात, विक्रेता म्हणतो "तुमची गाडी आरामात ओढेल", आणि बयाणा दिला जातो. गाडीचं मॅन्युअल उघडतं ते घरी आल्यावर. मग कळतं की गाडीला हे झेपत नाही, किंवा झेपतं पण चढावर दुसऱ्या गिअरमध्येच. हा क्रम उलटा आहे. गाडी बदलायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण गाडी तीच राहणार असेल तर निवड तिच्यापासूनच सुरू होते.

खालचे पहिले तीन टप्पे घरी बसून, कागद-पेन घेऊन करायचे आहेत. ते होईपर्यंत एकही ट्रेलर बघायला जाऊ नका. मुलांना तर अजिबात नेऊ नका.

## टप्पा १: मुक्काम कसे असतील ते लिहून काढा

मनातली सहल नको, येत्या वर्षात खरोखर होणारी लिहा. शनिवार-रविवारची दोन रात्रींची, की सुट्टीतली पंधरा दिवसांची? एकाच जागी चार दिवस, की रोज नवा मुक्काम? वीज-पाण्याची जोडणी असलेल्या कॅम्पसाइटवर, की जिथं काहीच नाही अशा जागी? थंडीत आणि पावसात जाणार का?

यातला रोज जागा बदलण्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उभारायला अर्धा तास आणि आवरायला त्याहून जास्त वेळ घेणारा ट्रेलर रोज हलणाऱ्यांना दुसऱ्याच सहलीत नकोसा होतो. आठवडाभर एकाच ठिकाणी तळ ठोकणाऱ्यांना तोच ट्रेलर छान वाटतो.

मग माणसं मोजा. आज किती आहेत हे तर झालंच, पण पाच वर्षांनी किती उंच असतील तेही. सहा वर्षांचं मूल १६० सेंमीच्या बंकवर मजेत झोपतं. बाराव्या वर्षी त्याचे पाय भिंतीला टेकतात. आजी-आजोबा सोबत येणार असतील तर शिडीवरचा पलंग त्यांच्या कामाचा नाही. जिथून उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागतं, अशी आतल्या बाजूची जागाही त्यांना नको.

शेवटी ठेवायची जागा. ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभाच असतो. फाटकाची रुंदी, छताची उंची आणि आत वळायला मिळणारी जागा मोजपट्टीने मोजा. ट्रेलरची लांबी विचारताना पुढच्या दांडीसकट विचारा. माहितीपत्रकात पुष्कळदा फक्त खोलीची लांबी असते, आणि दांडी आणखी मीटरभर जागा खाते.

## टप्पा २: गाडीचे आकडे काढा

"माझी गाडी दोन टन ओढते" एवढ्यावर लोक थांबतात. पण आकडे पाच आहेत, आणि अडतं ते बहुतेक वेळा पहिल्यावर नाही.

१. ओढण्याची क्षमता. ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी वेगळी, ब्रेक नसलेल्यासाठी वेगळी आणि बरीच कमी. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात.

२. हुकावरचा कमाल भार. ट्रेलरची दांडी गाडीच्या हुकावरच्या गोळ्यावर (बॉलवर) किती वजनाने टेकली तर चालेल, तो आकडा. युरोपीय नोंदणीच्या बऱ्याच गाड्यांना तो ७५ ते १०० किलोच असतो.

३. गाडीची भारक्षमता. गाडीचं कमाल एकूण वजन वजा तिचं रिकामं वजन. माणसं, डिकीतलं सामान, टपावरची पेटी आणि हुकावरचा भार हे सगळं यातच बसवायचं असतं.

४. गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. गाडी गच्च भरली की ओढण्याची क्षमता कागदावर तेवढीच दिसते, पण हा आकडा आड येतो.

५. हुकाची स्वतःची मर्यादा. नंतर बसवून घेतलेल्या हुकावर पट्टी असते, ती वाचा. गाडी आणि हूक या दोघांत ज्याचा आकडा लहान, तोच धरायचा.

हे आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये, नोंदणीच्या कागदांत आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मिळतात. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह बदलला की आकडे बदलतात. त्यामुळे "शेजाऱ्याची अशीच गाडी ओढते" याला अर्थ नाही.

> सावधान: काही देशांत गाडीच्या रिकाम्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो, काही ठिकाणी नसतो. आपल्या कागदांवर काय धरलंय ते पाहूनच पुढचं गणित करा.

परवान्याचंही इथंच बघून घ्या. साध्या कारच्या परवान्यावर किती वजनाचा ट्रेलर चालतो, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. ट्रेलर आणल्यावर ते शोधणं महागात पडतं.

## टप्पा ३: ट्रेलरचं भरलेलं वजन मांडा

सर्वाधिक चुका इथं होतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत असतं ते रिकामं वजन. त्यात बहुधा पाणी नसतं, गॅस नसतो, कधी कधी बॅटरीही नसते. आपल्याला हवं ते भरलेलं वजन.

समजा ट्रेलरचं रिकामं वजन १२५० किलो आणि कमाल परवानगी १७०० किलो. म्हणजे हाताशी ४५० किलो. आता भरू या:

- नंतर बसवलेली बॅटरी, एसी आणि बाहेरची छत्री (भिंतीतून बाहेर उघडणारं कापडी छत): ९० किलो
- गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या: ४५ किलो
- पिण्या-वापरायचं पाणी १०० लिटर: १०० किलो
- अंथरूण-पांघरूण, भांडी, खुर्च्या, टेबल, शिधा, कपडे, सायकली: २२० किलो

बेरीज ४५५. पहिल्याच दमात मर्यादा ओलांडली, आणि पावसाळी बूट अजून घरातच आहेत. पाणी मुक्कामाच्या जागी भरायचं ठरवलं तर गणित जमतं. पण सवय अशी की माणूस निघताना टाकी भरूनच घेतो.

आता गाडीकडे वळा. ती २००० किलो ओढते, म्हणजे वरवर पाहता ३०० किलोची सवलत आहे. पण हुकावरचा भार मोजा. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. १७०० किलोचे १२ टक्के म्हणजे २०४ किलो. गाडीची भारक्षमता ४८० किलो धरू. चौघांचं मिळून २१५, डिकीतलं सामान ६०, हुकाचा सांगाडा २५ आणि वरचे २०४, एकूण ५०४ किलो. गाडी नापास, तीही ओढण्याच्या क्षमतेवर बोटही न लावता.

युरोपीय पद्धतीत ट्रेलरची रचना आणि वेगमर्यादा वेगळ्या असल्याने हा भार साधारण ५ ते ७ टक्के धरतात. १७०० चे ६ टक्के म्हणजे १०२ किलो. ज्या गाडीची मर्यादा ७५ किलो आहे, तिथंही गाडी अडली.

> सावधान: हुकावरचा भार जास्त भरला म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलू नका. हा उपाय सगळ्यांना सुचतो आणि तोच सगळ्यात धोकादायक आहे. मागून उलाळ भरलेल्या बैलगाडीसारखी ट्रेलरची दांडी वर उचलली जाते, आणि वेगात तो शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागतो. भार जास्त असेल तर सामान कमी करा किंवा लहान ट्रेलर बघा.

किती मोकळीक ठेवावी? ब्रिटनमध्ये नवख्या चालकांना सल्ला देतात की ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. तो कायदा नाही, पण कुटुंब मागे बसलेलं असताना मला तो पटतो. डोंगरात जाणार असाल तर आणखी हात राखून ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटर उंचीमागे साधारण १० टक्क्यांनी घटते, आणि ओझं मात्र तेवढंच राहतं.

इथं थांबून तपासा: तुमच्याकडे आता एक आकडा हवा, "माझ्या गाडीला चालेल असं ट्रेलरचं जास्तीत जास्त भरलेलं वजन". तो कागदावर लिहा आणि खिशात ठेवा. पुढं जे काही बघाल त्याचं कमाल वजन या आकड्याच्या आत हवं. रिकामं वजन आत असून भागत नाही.

## टप्पा ४: प्रकार ठरवा

वजनाचा आकडा हाती आला की निम्मे प्रकार आपोआप गळतात.

घडीचा तंबू-ट्रेलर. खाली घट्ट पेटी, वर कापडी भिंती. हलका, बुटका, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी. लहान गाडीलाही झेपतो. झोपायला जागा भरपूर, कारण पलंग दोन्ही बाजूंना बाहेर सरकतात. दुखणं एकच, आणि ते मोठं: कापड ओलं असताना घडी केली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. पावसात आवरावं लागलं तर घरी पोचल्याबरोबर तो उघडून वाळवायलाच हवा. उघडायला जागा नसेल तर हा प्रकार घेऊच नका.

थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर. आत दोघांची गादी, मागच्या झाकणाखाली ओटा. जोडप्याला सुरेख. दोन मुलांसह घ्यायचा तर शेजारी तंबू लागणारच, मग पावसात रात्री मुलाला लघवीला न्यायचं कुणी, हे आधीच ठरवून ठेवा.

पूर्ण कॅरव्हॅन. पक्क्या भिंती, पलंग, ओटा, बहुधा शौचालयही. पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत राहता येतं. किंमत वजनात आणि वाऱ्यात मोजावी लागते. उंच सपाट पुढची बाजू हवा कापत नाही, ढकलते, आणि इंधनाचा खर्च बऱ्यापैकी वाढतो.

मधला प्रकार. पक्की खोली, पण पलंग कापडी आणि बाहेर सरकणारे. लांबी कमी, झोपायची जागा जास्त. कापडाची ओल इथंही आहेच.

मोटरहोम आणि व्हॅन. घर आणि गाडी एकच, त्यामुळे ओढण्याचा प्रश्नच नाही. पण तळ ठोकल्यावर दूध आणायलासुद्धा सगळं घर हलवावं लागतं. दुसरं म्हणजे झोपायच्या जागा सहा आणि सीटबेल्ट चारच, असं पुष्कळदा असतं. बेल्ट मोजा. लहान मुलांच्या सीट कुठल्या जागांवर बसतात तेही विचारा. आडव्या बाकावर त्या बसत नाहीत.

चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला बहुतेक देशांत बंदी आहे. "मुलं मागं झोपून येतील" हा बेत मनातून काढून टाका.

निर्णय होत नसेल तर त्या प्रकारचा ट्रेलर दोन रात्रींसाठी भाड्याने घ्या, आणि शक्यतो पावसाळी हवा बघून. सगळ्या वस्तू उन्हात चांगल्याच वाटतात.

## टप्पा ५: आत शिरा आणि राहून बघा

आता मुलांना घेऊन जा. विक्रेत्याला सांगा, तासभर लागेल, आणि त्याला बाहेर बसू द्या.

झोपून बघा. प्रत्येकाने आपापल्या जागी, बूट काढून, पाय ताणून. "सहा जणांची सोय" म्हणजे बहुतेक वेळा दोघांचा पक्का पलंग, दोन बंक आणि जेवणाच्या टेबलाचा पलंग. तो टेबलाचा पलंग स्वतः एकदा करून बघा. टेबल खाली उतरवायचं, पाठीच्या गाद्या मधे बसवायच्या, फटी बुजवायच्या, वर चादर घालायची. आता कल्पना करा, हे रोज रात्री नऊ वाजता, मुलं पेंगुळलेली असताना आणि टेबलावर रंगपेटी पसरलेली असताना करायचं आहे. सकाळी उलट क्रमाने पुन्हा, नाहीतर नाश्त्याला जागा नाही. चौघांच्या कुटुंबाला चारही जागा पक्क्या असलेला ट्रेलर सहा जागांच्या फिरत्या व्यवस्थेपेक्षा बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंकची वजनमर्यादा विचारा. काही बंकांना ती ६०-७० किलोच असते, आणि मुलं वाढतात. वरच्या बंकला कठडा आहे का, आणि मूल बसल्यावर डोकं छताला लागतं का, तेही पाहा.

रात्री बाराचा सराव. सगळे आपापल्या जागी झोपलेले असताना एकाने उठून शौचालयापर्यंत जाऊन यावं. किती जणांना उठावं लागलं?

बंद अवस्थेत बघा. काही ट्रेलरच्या भिंती बाहेर सरकतात आणि खोली मोठी होते. विक्रेत्याकडे ती नेहमी उघडीच ठेवलेली असते. आत घ्यायला सांगा. आता फ्रिजचं दार उघडतं का? शौचालयात जाता येतं का? रस्त्यात दुपारच्या जेवणाला थांबल्यावर हे लागणार आहे.

पावसाचा दिवस. चौघेही एकाच वेळी आत बसा आणि एकाने चहा करायचं नाटक करावं. ओले रेनकोट कुठं टांगणार? बूट कुठं काढणार? दारात चिखल काढायला दोन फूट मोकळी फरशी नसेल तर चिखल गादीपर्यंत येतो.

कप्पे. किती आहेत यापेक्षा कुठं आहेत ते बघा. जड वस्तू चाकांच्या धुऱ्यावर, खाली ठेवता यायला हव्यात. सगळे मोठे कप्पे मागच्या टोकाला असतील तर वजनाचा तोल कधीच नीट बसणार नाही.

## टप्पा ६: पाणी, वीज, गॅस

यातलं बरंचसं टप्पा १ मध्ये काय लिहिलं त्यावर ठरतं. जोडणी असलेल्या जागीच राहणार असाल तर हा भाग भरभर वाचा.

पाणी चौघांना स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड धुणं एवढ्यालाच रोज ४० लिटरच्या आसपास लागतं. अंघोळी धरल्या तर त्याहून बरंच जास्त. स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढंच सांडपाण्याच्या टाकीकडे लक्ष द्या. पहिली १०० लिटरची आणि दुसरी ३० ची असेल तर रोज कुणाला तरी बादली घेऊन जावं लागणार. काढता येणाऱ्या शौचालयाच्या पेटीत १७ ते २० लिटर मावतात. चौघांत ती दोन दिवसांत भरते. ती बाहेरून काढायची जागा आणि भरल्यावरचं वजन दोन्ही बघून घ्या.

विजेचं गणित सोपं आहे, पण लोक ते करत नाहीत. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाती ६००. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांहून जास्त वापरता येतात. एलईडी दिवे, पाण्याचा पंप, फोन यांना फारसं लागत नाही. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज दिवसाला ४००-५०० वॉट-तास सहज खातो. छतावरच्या एसीला चालताना १००० ते १५०० वॉट लागतात, त्यामुळे "बॅटरीवर एसी चालतो" असं कुणी म्हटलं तर किती मिनिटं, हे विचारा.

गॅस, वीज आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज आवाज करत नाही, पण ट्रेलर तिरका उभा असेल तर तो नीट थंड करत नाही आणि बिघडूही शकतो.

थंडीत जाणार असाल तर टाकीत ब्यूटेन नको, प्रोपेन हवा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो.

> सावधान: हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो. म्हणून फरशीत झडपा ठेवलेल्या असतात. थंडी येते म्हणून त्या बोळे कोंबून बंद करू नका. गॅसचा इशारा देणारं यंत्र खाली बसवलेलं हवं. कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळं यंत्र हवंच, कारण त्या वायूला वास नसतो. शेगडी पेटवून खोली गरम करायची नाही.

## टप्पा ७: वापरलेला ट्रेलर असेल तर ओल शोधा

जुन्या ट्रेलरला मारते ती ओल. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही; भिंतीतली लाकडी चौकट कुजली की संपलं. दुरुस्तीचा खर्च कधी कधी ट्रेलरच्या किमतीएवढा जातो.

१. दार उघडल्याबरोबर नाकाने बघा. कुबट वास आला तर कुठं तरी पाणी शिरलंय. उग्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर आणखी संशय घ्या.

२. आतल्या भिंती बोटांनी दाबत जा. खिडक्यांचे खालचे कोपरे, छत आणि भिंतीचा सांधा, कप्प्यांच्या आत, पुढच्या खिडकीखाली. घट्ट लागायला हवं. पुठ्ठ्यासारखं दबलं, कागद फुगलेला दिसला किंवा पिवळट डाग असला तर खूण करून ठेवा.

३. ओल मोजायचं यंत्र सोबत न्या. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या पुढं शंका, ३० च्या पुढं तो ट्रेलर सोडून द्या.

४. फरशीवर अनवाणी चाला. दाराजवळ, ओट्यापुढे, शौचालयापाशी. जिथं पाय लवतो तिथं थर सुटलेत.

५. बाहेरून भिंतीकडे कडेने, उजेड तिरका पडेल असं बघा. फुगवटे दिसले तर बाहेरचा थर आतल्यापासून सुटलाय. शिडी लावून छताचे सांधेही बघा. ताज्या सीलंटचा जाड थर फक्त एकाच कोपऱ्यात असेल तर का, ते विचारा.

६. खाली वाकून सांगाडा बघा. वरवरचा गंज चालतो. पापुद्रे सुटणारा नाही. सांगाड्यावरचा क्रमांक कागदांशी जुळवा.

७. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी पाच-सात वर्षांचा टायर बदलायचा. ट्रेलर उभा राहून राहून टायर आतून म्हातारे होतात.

८. सगळं चालवून बघा. फ्रिज, पंप, गिझर, शेगडीचे सगळे बर्नर, दिवे, छत्री. फ्रिज थंड व्हायला काही तास लागतात, म्हणून येण्याआधी सुरू करून ठेवायला सांगा. "कालच चालत होतं" हे उत्तर म्हणजे चालत नाही.

पाऊस पडून गेल्यावर लगेच बघायला जाता आलं तर यातलं निम्मं काम पावसानेच केलेलं असतं.

## टप्पा ८: जोडून, ओढून, मग पैसे

आधी जोडणी जुळते का ते बघा. युरोपात आणि इतर अनेक देशांत बॉल ५० मिमीचा असतो. अमेरिकेत दोन इंचाचा, त्याहून लहान आणि मोठाही मिळतो. लहान बॉलवर मोठा कपलर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा खोलगट भाग) बसतो, कुलूप लागल्यासारखं वाटतं, आणि मोठ्या खड्ड्यात निसटतो. कपलर लावल्यावर जॅकने दांडी वर उचलून बघा. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर जोड पक्का आहे.

दिव्यांची जोडणी ७ पिनची की १३ पिनची, आणि ब्रेक कुठले? मागून रेटा आल्यावर आपोआप लागणाऱ्या यांत्रिक ब्रेकला गाडीत काही बसवावं लागत नाही. विजेवरच्या ब्रेकला गाडीत नियंत्रक लागतो. ट्रेलर सुटला तर स्वतःचा ब्रेक लावणारी तार असते, ती हुकाच्या बॉलवर नुसती अडकवून ठेवू नका, गाडीच्या पक्क्या भागाला लावा.

ओढून बघताना सपाट रस्ता, चढ, उतार आणि उलटं घेणं, चारही करा. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला धरा. हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला ट्रेलर जातो, डोकं चालवावं लागत नाही. उतारावर गाडी मागून ढकलल्यासारखी वाटते का, ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर किती डोलतो, आरशांत मागची बाजू दिसते की जोड-आरसे लागतील, हे बघा.

> सावधान: ट्रेलर डोलू लागला तर जोरात ब्रेक दाबू नका, आणि वेग वाढवून "सरळ करायला" तर मुळीच जाऊ नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, उलटसुलट वळवू नका. विजेवरचे ट्रेलर-ब्रेक असतील तर फक्त तेच हाताने हळूहळू लावा. थांबल्यावर वजनाची मांडणी बदला. डोलणं स्थिर करणारं यंत्र मदत करतं, पण चुकीचा भरणा त्याने सुधारत नाही.

## टप्पा ९: पहिल्या सहलीआधी वजनकाटा

कागदावरचं गणित खरं ठरलं का, हे काट्यावरच कळतं. सगळं भरा, माणसं बसवा आणि तीन वेळा वजन घ्या:

१. ट्रेलर जोडलेला, पण काट्यावर फक्त गाडी.
२. तसाच जोडलेला, काट्यावर फक्त ट्रेलरची चाकं.
३. ट्रेलर सोडून, फक्त गाडी, माणसांसकट.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की हुकावरचा भार मिळतो. तो भार दुसऱ्यात मिळवला की ट्रेलरचं एकूण वजन. पहिला आकडा गाडीच्या कमाल वजनाशी ताडून बघा. भार कमी भरला तर एखादी जड पेटी धुऱ्याच्या पुढे घ्या, जास्त भरला तर धुऱ्यावर आणा, आणि पुन्हा मोजा.

पहिला मुक्काम घरापासून तास-दीड तासाच्या आत ठेवा. पोचल्यावर क्रम असा: आधी डावी-उजवी पातळी ठोकळ्यांनी, मग चाकांना उटी, मगच गाडीपासून सोडायचा. नंतर पुढचा जॅक फिरवून पुढची-मागची पातळी, आणि शेवटी चारही कोपऱ्यांचे पाय टेकवायचे. ते पाय ट्रेलर उचलायला नसतात. त्यांच्यावर उचललात तर सांगाडा वाकतो आणि दार लागेनासं होतं. जाता-येता ८० ते १०० किलोमीटर झाल्यावर थांबून चाकांचे नट टॉर्क-पान्याने पुन्हा आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत, त्याहून जास्त नाही. आणि थांबलाच आहात तर चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक तिथंच तपासून घ्या.